मेटल संगीत व गीतभाषा

मेटल संगीत व गीतभाषा : विद्युत गिटारचा विरूपित नाद, जड तालवाद्ये आणि कर्कश वा घोगरा कंठस्वर हे ‘हेवी मेटल’ अथवा मेटल या पाश्चात्त्य संगीतप्रकाराचे प्रमुख विशेष होत. या संगीतात शब्दांना गौण स्थान असते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वाद्यांचा आवाज इतका मोठा असताना गीत कोणत्या भाषेत आहे, याने फारसा फरक पडू नये, असे वरवर पाहता वाटते. तथापि या संगीताचा सु. पन्नास वर्षांचा इतिहास वेगळेच सांगतो. गीताचा अर्थ कानांवर पडला नाही, तरी भाषेचा नाद पडतोच. किंबहुना अर्थ लोपल्यावर जे उरते ते भाषेचे नादरूपच होय. भाषेतील व्यंजनांचे स्वरूप, आघाताची पद्धती, अक्षरांचे ऱ्हस्वदीर्घत्व आणि वाक्याची ठेवण यांवर या संगीताची लय व घडण बऱ्याच अंशी अवलंबून असते. मुंबई, ठाणे व कल्याण-डोंबिवली या मराठी भाषकांच्या मोठ्या नागरी पट्ट्यात हे संगीत ऐकणारा तरुणवर्ग १९८०–९० च्या दशकापासून वाढत गेला. मात्र या पट्ट्यात ते प्रामुख्याने इंग्रजीतून गाइले गेले. मराठी या संगीताला मानवत नाही, असा समज त्यामागे आढळतो. हा समज कितपत खरा आहे, हे पाहण्यासाठी मेटल संगीत व भाषा यांच्या संबंधाचा इतिहास आणि मराठीचे ध्वनिविशेष या दोहोंचा विचार करावा लागतो.

उद्‌गम व इंग्रजीचे वर्चस्व : इंग्लंडमधील बर्मिंगहॅम या औद्योगिक शहरातील ‘ब्लॅक सॅबथ’ या वाद्यवृंदाची पहिली ध्वनिमुद्रिका १३ फेब्रुवारी १९७० रोजी प्रसिद्ध झाली. मेटल संगीताचा प्रारंभ सामान्यतः तेथून मानतात. या वाद्यवृंदाचा गिटारवादक टोनी आयोमी (१९४८– ) हा तरुणपणी पत्र्याच्या कारखान्यात काम करीत असे. तेथील अपघातात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तारा दाबणे सुकर व्हावे म्हणून त्याने पुढे त्यांचा ताण कमी करून त्या नेहमीपेक्षा खालच्या स्वरात लावल्या. त्यातून उद्‌भवलेला खर्जातील जड नाद हा या संगीताचा स्थायिभाव बनला. षड्‌ज व तीव्र मध्यम यांच्यातील अंतराचा वापर करून निर्माण केलेली उद्विग्नताही याच वाद्यवृंदाने रूढ केली. त्याचा गायक ऑझी ऑझबर्न (१९४८–२०२५) याचा उच्चार कामगारवस्तीतील इंग्रजीचा होता.

पुढील दोन दशके मेटल संगीताची भाषा मुख्यत्वे इंग्रजी राहिली. जर्मनीतील हॅनोव्हर येथे १९६५ मध्ये स्थापन झालेल्या ‘स्कॉर्पियन्स’ने इंग्रजीतच गायन केले. जपानमधील ‘लाउडनेस’ची पहिली ध्वनिमुद्रिका (१९८१) जपानी भाषेत होती, परंतु १९८४ मधील ध्वनिमुद्रिकेची तिने जपानी व इंग्रजी अशी दोन रूपे काढली आणि १९८५ मध्ये अमेरिकी श्रोत्यांसाठी ती इंग्रजीकडे वळली. यामागे बाजारपेठेचा हिशेब होता, यात शंका नाही. परंतु तेवढेच कारण नव्हते. या संगीताचा साचाच इंग्रजी भाषेच्या अंगाने घडलेला होता. इंग्रजी ही आघातप्रधान भाषा असून तिच्या शब्दांतील आघातयुक्त अक्षरे ठळक व इतर अक्षरे पुसट उच्चारली जातात. दोन आघातांमध्ये किती अक्षरे आली, याला महत्त्व नसते. आघात मात्र जवळजवळ सारख्या अंतराने पडतात. शिवाय रोजच्या वापरातील पुष्कळ इंग्रजी शब्द एकाक्षरी व व्यंजनान्त आहेत. ‘रिफ’ म्हणजे गिटारवर पुनःपुन्हा वाजविली जाणारी लघु स्वरावली. तिच्यावर असा शब्द ड्रमच्या ठोक्याबरोबर टाकला, की आवाज व ठोका एकजीव होतात. इंग्रजी मेटलला सोपी वाटते ती या कारणाने. मेटलच्या प्रकृतीला केवळ इंग्रजीच अनुरूप आहे, असा मात्र त्याचा अर्थ नव्हे.

ध्वनिशास्त्रीय पार्श्वभूमी : गिटारच्या विरूपणामुळे मूळ स्वराबरोबर अनेक उच्च स्वरसंवादी निर्माण होतात आणि नाद दाट होतो. नेहमीच्या पद्धतीने लावलेल्या गिटारची सर्वांत जाड तार सु. ८२ हर्ट्‌झ वारंवारतेची असते, तेथपासून सु. ५,००० हर्ट्‌झपर्यंतचा बराच भाग हा नाद व्यापतो. मानवी वाणीतील स्वरांची ओळख पटविणारे अनुनाद याच पट्ट्यात असतात. ‘आ’ या स्वराचे मुख्य अनुनाद साधारणतः ७०० व १,२०० हर्ट्‌झच्या आसपास, तर ‘ई’चे ३०० व २,३०० हर्ट्‌झच्या आसपास आढळतात. ‘स’, ‘श’ यांसारख्या ऊष्म वर्णांची ऊर्जा याहून वर असते. पण तेथे झांजांचा किणकिणाट असतो. म्हणजे गायकाच्या वाट्याला मोकळी जागा अशी उरतच नाही. त्याला वाद्यांच्या गर्दीतून वाट काढावी लागते.

ही वाट प्रत्येक भाषेत निराळी असते. ‘क’, ‘ट’, ‘प’ यांसारख्या स्पर्श व्यंजनांच्या उच्चारात क्षणभर निःशब्दता व नंतर लहानसा स्फोट असतो. निःशब्दतेचा क्षण गिटारचा नाद भरून काढतो. स्फोट मात्र ड्रमच्या ठोक्याशी जुळल्यास उठून दिसतो. घोगऱ्या गायनात खऱ्या स्वरतंतूंच्या वर असलेल्या आभासी स्वरतंतूंचेही कंपन होते. त्यामुळे स्वराची उंची अस्पष्ट होते आणि चाल जवळजवळ नाहीशी होते. चाल गेल्यावर गीतात जे वैचित्र्य शिल्लक राहते ते स्वर व व्यंजने यांचेच. म्हणून मेटल गायन जितके उग्र, तितका भाषेच्या ध्वनींचा वाटा अधिक, असा काहीसा विपरीत वाटणारा नियम येथे लागू पडतो.

इतर भाषांचा स्वीकार : १९९० नंतर निरनिराळ्या देशांतील अनेक वाद्यवृंद स्वभाषेकडे वळले. नॉर्वेतील ‘डार्कथ्रोन’ने १९९४ मधील ध्वनिमुद्रिकेत मुख्यतः नॉर्वेजियन भाषा वापरली, तर ‘उल्व्हर’ने १९९५ मध्ये जुन्या वळणाची, डॅनिशची छाप असलेली नॉर्वेजियन योजली. फिनलंडमधील ‘फिनट्रॉल’ने (स्थापना १९९७) बहुसंख्याकांची फिनिश भाषा बाजूला ठेवून तेथील अल्पसंख्याकांची स्वीडिश स्वीकारली. तिचा आद्य गायक स्वीडिश भाषक होता व लोककथांतील राक्षसगणांच्या तोंडी स्वीडिशचा नादच शोभतो, अशी त्याची धारणा होती. येथे भाषेची निवड अर्थापेक्षा ध्वनीवरून झाली, हे लक्षणीय आहे.

बर्लिन येथे १९९४ मध्ये स्थापन झालेल्या ‘रामश्टाइन’ने जर्मन भाषेला जागतिक कीर्ती मिळवून दिली. जर्मनमध्ये शब्दान्ती येणारी घोष स्पर्श व्यंजने अघोष होतात. त्यामुळे शब्द जणू तोडल्यासारखा संपतो. गायक टिल लिंडेमान याने ‘र’चा कंपित उच्चार ठळकपणे करून त्यात भर घातली. या वाद्यवृंदाने आपल्या काही गीतांची इंग्रजी रूपेही ध्वनिमुद्रित केली. वाद्यसंगीत तेच असताना भाषा बदलल्यास काय होते, हे पाहण्याची संधी त्यामुळे मिळते. ‘डू हास्ट’ या गीतात ‘असणे’ व ‘द्वेष करणे’ या दोन जर्मन क्रियापदांच्या समान उच्चारावर श्लेष साधला आहे. इंग्रजी रूपात दुसराच अर्थ उरतो आणि अर्थाबरोबर तो तुटक नादही सौम्य होतो.

मराठीच्या दृष्टीने अधिक बोधप्रद उदाहरण न्यूझीलंडमधील ‘एलियन वेपनरी’चे आहे. या वाद्यवृंदाची ध्वनिमुद्रिका (२०१८) बऱ्याच अंशी माओरी भाषेत आहे. माओरीमध्ये प्रत्येक अक्षर स्वरान्त असते व जोडाक्षरे नसतात. प्रचलित समजुतीप्रमाणे अशी भाषा मेटलला सर्वथा प्रतिकूल ठरावयास हवी होती. परंतु माओरी समाजात ‘हाका’ या सामूहिक आवेशपूर्ण उच्चारणाची परंपरा आहे. तिच्यात स्वरान्त अक्षरेच सर्वांनी एकदम, पायाच्या ठेक्यावर, छातीतून उच्चारावयाची असतात. या वाद्यवृंदाने इंग्रजीचे अनुकरण न करता हाकाची उच्चारपद्धती गिटारवर चढविली. १८६४ मधील ब्रिटिश-माओरी लढाईवरील त्यांचे गीत याचे उदाहरण होय. मंगोलियातील ‘द हू’ (स्थापना २०१६) याने कंठनादगायनाचा, तर ब्राझीलमधील ‘सेपुल्तुरा’ने १९९६ मध्ये पोर्तुगीज भाषेबरोबरच शावांते या आदिवासींच्या गायनाचा उपयोग केला. इंडोनेशियातील गारूट येथील तीन मुलींचा ‘व्हॉइस ऑफ बाचेप्रोत’ (स्थापना २०१४) हा वाद्यवृंद सुंदानी भाषेतही गातो. या सर्वांतून एक गोष्ट दिसून येते : भाषा मेटलमध्ये रुजते, ती तिच्यात आधीपासून असलेल्या एखाद्या जोरकस उच्चारपरंपरेच्या आधाराने.

भारतातील स्थिती : भारतात रॉक संगीताचा प्रसार १९६०–७० च्या दशकांत महाविद्यालयांतून व ‘सिमला बीट’ यासारख्या स्पर्धांतून झाला. मुंबईतील ‘रॉक मशीन’ (स्थापना १९८४) हा वाद्यवृंद जड रॉककडे झुकलेला होता. १९९३ मध्ये त्याने ‘इंडस क्रीड’ असे नाव धारण केले आणि तबल्यासारख्या भारतीय वाद्यांचा समावेश केला. गीते मात्र इंग्रजीच ठेवली. १९८६ पासून मुंबईत ‘इंडिपेन्डन्स रॉक’ हा वार्षिक महोत्सव भरू लागला. धोबी तलावानजीकचे रंगभवन हे त्याचे प्रमुख स्थान होते. हे खुले नाट्यगृह छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस या स्थानकापासून चालत जाण्याइतके जवळ असल्याने ठाणे, कळवा, डोंबिवली व कल्याण येथील तरुणांना लोकलने तेथे पोहोचणे सोयीचे होते. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये रुग्णालये, न्यायालये व शाळा यांभोवतालचा १०० मी.पर्यंतचा परिसर शांतता क्षेत्र ठरला. त्यानंतर रंगभवनातील असे कार्यक्रम बंद पडले आणि या श्रोतृवर्गाचे हक्काचे ठिकाण नाहीसे झाले.

मुंबईत पुढे ‘डेमॉनिक रिझरेक्शन’ (स्थापना २०००), ‘भयानक मौत’ (२००३), ‘स्क्राइब’ (२००५) इ. वाद्यवृंद नावारूपास आले. त्यांच्या नावांत व विषयांत देशी संदर्भ आहेत. उदा., ‘डेमॉनिक रिझरेक्शन’ची २०१७ मधील ध्वनिमुद्रिका विष्णूच्या दशावतारांवर आहे, ‘स्क्राइब’च्या काही ध्वनिमुद्रिकांची नावे हिंदी चित्रपटांतील खलनायकांवरून घेतली आहेत. ‘भयानक मौत’ हे नावच महाप्राण ‘भ’, दीर्घ ‘आ’ व तुटक ‘त’ यांमुळे नाददृष्ट्या प्रभावी आहे. परंतु या सर्वांची गायनभाषा मुख्यतः इंग्रजी राहिली. अन्य भारतीय भाषांत मात्र निराळे प्रयोग झाले. ढाका येथील ‘वॉरफेज’ (स्थापना १९८४) हा आरंभी इंग्रजी गीते गाणारा वाद्यवृंद १९९१ मध्ये बंगाली ध्वनिमुद्रिका घेऊन आला आणि बंगाली जड रॉकची परंपरा सुरू झाली. कोलकात्यात ‘फॉसिल्स’ने (१९९८) ती पुढे नेली. बंगळूरच्या ‘द्वेष’ने कन्नड भाषेत गायन केले. सिंगापूरच्या ‘रुद्र’ने (१९९२) संस्कृत श्लोकांचा उपयोग केला. दिल्लीच्या ‘ब्लडीवुड’ने (२०१६) हिंदी व पंजाबी गायनाला ढोलाची जोड दिली. २०१९ मध्ये जर्मनीतील वाकेन येथील महोत्सवात हा वाद्यवृंद सहभागी झाला व २०२२ मध्ये त्याची ‘रक्षक’ ही ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. मराठीत संतांचे अभंग गिटार व ड्रम यांच्या साथीने सादर करणारा ‘अभंग रिपोस्ट’ हा मुंबईचा वाद्यवृंद लोकप्रिय झाला. तथापि त्याची प्रकृती मेटलपेक्षा लोकसंगीत व रॉक यांच्या मिलाफाची आहे.

मराठीचे ध्वनिविशेष : मराठी मेटलला मानवत नाही, या समजाच्या पुष्ट्यर्थ सामान्यतः तीन कारणे दिली जातात : शब्द लांब असतात, ओळी स्वरान्त असतात, आणि आघात क्षीण असतो. या तिन्हींत तथ्य आहे, पण ते अर्धेच.

मराठीत विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडली जात असल्याने ‘घरातल्यांनाही’ यासारखी लांबलचक रूपे बनतात. क्रियापद वाक्यान्ती येते व त्याचा शेवट बहुधा दीर्घ स्वरात होतो. त्यामुळे ओळीच्या शेवटी ‘-तो’, ‘-ते’, ‘-ला’, ‘आहे’ यांची गर्दी होते. परंतु हे झाले लिखित वा औपचारिक मराठीचे. ‘मी जळतो आहे’ या वाक्याचा उच्चार मी–जळ–तो–आ–हे असा पाच अवयवांचा होतो. बोलताना तेच ‘मी जळतोय’ असे म्हटले, तर मी–जळ–तोय असे तीनच अवयव उरतात आणि त्यांतील दोन व्यंजनाने मिटतात. याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की मराठीतील एकवचनी आज्ञार्थ हा बहुधा धातूच असतो : जळ, मर, तोड, फोड, ऊठ, लढ, पळ. हे सर्व शब्द उच्चारात एकाक्षरी व व्यंजनान्त आहेत. इंग्रजीतील एकाक्षरी शब्दांचे जे सामर्थ्य सांगितले जाते, ते मराठीला तिच्या व्याकरणानेच दिलेले आहे.

याच्या मुळाशी अन्त्य ‘अ’चा प्रश्न आहे. बोलण्यात ‘काळ’, ‘मरण’, ‘आग’, ‘राख’ हे शब्द व्यंजनान्त उच्चारले जातात. छंदशास्त्रात मात्र अन्त्य ‘अ’ पूर्ण धरून ‘काळ’ची दोन अक्षरे मोजतात, आणि अभंग वा वृत्त गाताना तो स्पष्ट उच्चारतात. म्हणजे मराठी गायकाजवळ प्रत्येक अशा शब्दाची दोन नादरूपे असतात. पहिले रूप ठोक्याबरोबर मिटते, तर दुसरे वाद्यांवर तरंगत राहते. भावगीत व नाट्यगीत यांनी दुसऱ्या रूपाची जोपासना केली. सुशिक्षित श्रोत्यांच्या कानांना गीत म्हणून तेच परिचयाचे झाल्याने मराठी गाणे म्हणजे मृदू गाणे, असे समीकरण रूढ झाले. मेटलला मानवत नाही ती मराठीची ही एक सवय होय.

आघाताबाबतही असेच म्हणता येते. मराठीत शब्दाघाताने अर्थभेद होत नाही. तिची लय लघु-गुरू अक्षरांच्या, म्हणजेच मात्रांच्या हिशेबावर उभी आहे. माधव जूलियन (माधव त्र्यंबक पटवर्धन, १८९४–१९३९) यांनी छंदोरचना या ग्रंथात आवर्तनी पद्याचे मात्रांनुसार वर्गीकरण केले असून त्यांतील पद्मावर्तनी रचना आठ मात्रांच्या आवर्तनाची असते. मेटल संगीतात सर्वाधिक वापरला जाणारा चार ठोक्यांचा ताल प्रत्येक ठोक्याचे दोन भाग केल्यास आठ मात्रांचाच होतो. इंग्रजी शब्द ठोक्यावर पडून मधली जागा कशीही भरतात. मराठी शब्द मात्र प्रत्येक मात्रेची जागा काटेकोरपणे भरू शकतात. दोन पायांनी वाजविल्या जाणाऱ्या बास ड्रमच्या द्रुत व समान ठोक्यांशी मराठीची ही मोजलेली चाल चांगली जुळते. इंग्रजीच्या नमुन्यावर बेतलेल्या चालीत मराठी शब्द कोंबले, तर ते अवघडल्यासारखे वाटतात. हा दोष शब्दांचा नसून चाल आधी व शब्द नंतर बसविण्याच्या पद्धतीचा आहे.

व्यंजनांच्या बाबतीत मराठीची संपत्ती मोठी आहे. ट, ठ, ड, ढ, ण, ळ ही मूर्धन्य व्यंजने. ख, घ, ध, भ यांसारखी महाप्राण व्यंजने. ‘चमचा’, ‘जहाज’ यांतील दन्ततालव्य ‘च’ व ‘ज’. तसेच कडकडाट, धडधड, खणखणाट, गडगडाट यांसारखे असंख्य ध्वन्यनुकारी शब्द तिच्यात आहेत. घोगऱ्या गायनात मात्र महाप्राणांची अडचण होते. ‘ग’ व ‘घ’ किंवा ‘द’ व ‘ध’ यांतील भेद श्वासमिश्रित घोषावर अवलंबून असतो आणि आभासी स्वरतंतूंच्या खरखरीत तो बुडून जातो. उलट मूर्धन्य व्यंजनांचा कठीण स्पर्श टिकून राहतो. तेव्हा मराठी मेटल गीताच्या शब्दयोजनेत ‘क्रोध’पेक्षा ‘कड’, ‘खड’ यांसारखी वर्णसंगती अधिक परिणामकारक ठरते.

पोवाड्याची परंपरा : माओरी भाषेला जसा हाकाचा, तसा मराठीला पोवाड्याचा आधार आहे. अफझलखानाच्या वधावरील (१६५९) अज्ञानदासाच्या पोवाड्यापासून ही परंपरा ज्ञात आहे. पोवाड्यात शाहीर डफाच्या ठेक्यावर शब्दांचा मारा करतो. त्याचा उच्चार बोलीच्या जवळचा असून अन्त्य ‘अ’ बहुधा गिळलेला असतो. झीलकरी मात्र ‘जी जी’ असा दीर्घ स्वर धरून राहतात आणि तुणतुण्याचा एकसुरी नाद त्यांना साथ देतो. तुटक शब्द व अखंड स्वर यांची ही विभागणी मेटलमधील रचनेशी आश्चर्यकारक रीतीने जुळते. अण्णाभाऊ साठे (१९२०–६९) व अमर शेख (१९१६–६९) यांनी मुंबईच्या गिरणगावात आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत हीच वाणी हजारोंच्या सभांपुढे ध्वनिक्षेपकावरून वापरली. यंत्राने वाढविलेल्या आवाजात मराठी आवेश टिकतो, याचा तो पुरावाच होय. काव्यातही नामदेव ढसाळ (१९४९–२०१४) यांच्या गोलपिठा (१९७२) या संग्रहाने मराठीचा एक उग्र, रस्त्यावरचा स्तर साहित्यात आणला. थोडक्यात, उग्र मराठी ही नव्याने घडवावयाची वस्तू नव्हे.

कळवा परिसर व बोली : ठाणे खाडीच्या पूर्व तीरावर, पारसिकच्या डोंगराजवळ वसलेले कळवा हे ठाणे महानगरपालिकेच्या हद्दीतील उपनगर आहे. कळवा, खारेगाव, विटावा ही येथील जुनी गावे. आगरी व कोळी हे मूळ रहिवासी असून भातशेती, मीठ व मासेमारी हे या खाडीपट्ट्यातील पारंपरिक व्यवसाय होत. ठाणे–बेलापूर औद्योगिक पट्ट्याच्या वाढीबरोबर येथे कारखाने आले. मुकंदचा पोलाद कारखाना व सीमेन्सचा विद्युत-सामग्रीचा कारखाना कळव्याच्या नावाने ओळखले जात. त्यांबरोबर राज्याच्या व देशाच्या निरनिराळ्या भागांतून कामगार आले. त्यामुळे येथील मुलाच्या कानांवर घरात एक बोली, शाळेत प्रमाण मराठी वा इंग्रजी आणि गाडीत हिंदी असे अनेक नाद लहानपणापासून पडत असतात. पोलाद, यंत्रांचा घरघराट व रेल्वे यांच्या सान्निध्यात वाढलेल्या अशाच वस्तीत बर्मिंगहॅमचे मेटल संगीत जन्माला आले होते.

आगरी बोलीत प्रमाण मराठीतील मूर्धन्य ध्वनी पुष्कळदा बदलतात : ‘डोळा’चे ‘डोला’, ‘पाणी’चे ‘पानी’, ‘होडी’चे ‘होरी’. ‘ळ’, ‘ण’ व दोन स्वरांमधील ‘ड’ यांच्या जागी अनुक्रमे ‘ल’, ‘न’ व ‘र’ आल्याने बोलीचा नाद अधिक वाहता होतो. त्याबरोबर कंपित ‘र’चे प्रमाणही वाढते. प्रमाण मराठीचा मेटल-नाद ठोकळेबाज व कठीण, तर आगरीचा घरंगळता व घोषयुक्त होईल, असे यावरून अनुमान करता येते. जर्मन ‘र’ने ‘रामश्टाइन’च्या गायनाला जे वैशिष्ट्य दिले, त्याच्याशी याची तुलना करता येईल. आगरी-कोळी समाजातील लग्नविधींत धवलारीण स्त्रिया जे धवले गातात, त्यांत लांब ओळ आवाजाच्या बळावर पेलून शेवटचा स्वर ताणून धरावयाचा असतो. मोकळ्या गळ्याच्या, दूरवर ऐकू जाणाऱ्या या गायनात आणि शाहिराच्या मारक उच्चारात मराठीच्या नादाची दोन टोके दिसतात. धवल्यांची परंपरा वृद्ध स्त्रियांच्या स्मरणावर अवलंबून असून ध्वनिक्षेपकांच्या युगात ती क्षीण होत चालली आहे. शहरी हास्याचा विषय बनल्यामुळे ही बोली बाहेर बोलण्यास नव्या पिढीला संकोच वाटतो. ज्या गळ्याने ही भाषा आत्मसात केली आहे, त्यानेच आपला संताप व शोक व्यक्त करताना दुसऱ्या भाषेचा आश्रय घ्यावा, ही यातील खरी हानी होय.

मूल्यमापन : गीताची भाषा मेटल संगीताचा नाद बदलते, हे निर्विवाद आहे. मात्र एखादी भाषा या संगीताला सर्वस्वी अनुकूल वा प्रतिकूल असते, असे इतिहासावरून म्हणता येत नाही. आघातप्रधान इंग्रजी, तुटक जर्मन व स्वरान्त माओरी या तिन्ही भाषांत ते सारख्याच ताकदीने उभे राहिले. प्रत्येक ठिकाणी त्याचे रूप मात्र वेगळे झाले. भाषेच्या अनेक स्तरांपैकी गायक कोणता स्तर निवडतो, यावर परिणाम अवलंबून असतो. मराठीपुरते बोलावयाचे, तर अन्त्य ‘अ’ मिटविणारी बोली, धातुरूप आज्ञार्थ, मूर्धन्य व्यंजने, अष्टमात्रिक आवर्तन आणि पोवाड्याची उच्चारपद्धती ही साधने तिच्याजवळ उपलब्ध आहेत. इंग्रजीतील रचनेचे शब्दशः अनुकरण न करता शब्दांच्या अंगाने रिफ बांधण्याची पद्धत स्वीकारली, तर मराठी मेटलचा नाद इतर कोणत्याही भाषेतील मेटलहून स्वतंत्र ठरू शकेल. बर्मिंगहॅममध्ये हे संगीत कारखान्यातील माणसाच्या बोलीत जन्मले. ते ज्या ज्या देशांत खऱ्या अर्थाने रुजले, तेथेही ते तेथील माणसाच्या बोलीतच रुजले. कळवा, ठाणे व कल्याण-डोंबिवली येथील तरुणांपुढे असलेला प्रश्न भाषेच्या सामर्थ्याचा नसून त्या सामर्थ्याची ओळख पटण्याचा आहे.